पर्यावरण विभागाला देणगी द्यायची आहे : उपकरण, क्षेत्रकेंद्र की आणखी काही?

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागातून शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १२ लाख रुपये जमवले आहेत. ही रक्कम विभागातील संशोधन आणि शिक्षणाच्या सुविधांसाठी खर्च करायची, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. त्यापुढे मात्र तीन तट पडले आहेत. एका गटाला पाण्यातील जड धातू मोजणारे अ‍ॅटॉमिक अ‍ॅबसॉर्प्शन उपकरण हवे आहे, वापरलेले मिळाले तरी त्यांची हरकत नाही. दुसऱ्या गटाच्या मते चाळीसेक किलोमीटरवरच्या पठारावर दोन खोल्यांचे क्षेत्रकेंद्र बांधावे, म्हणजे विद्यार्थ्यांना मुक्कामी राहून काम करता येईल. तिसरा गट शिष्यवृत्ती द्यावी म्हणतो.

विद्यापीठाच्या आवारातच टेकडी आहे, एक ओढा आहे आणि त्या ओढ्यात अलीकडच्या वस्तीचे सांडपाणीही आहे. आपापल्या विद्यापीठात कोणती सुविधा खरोखर वापरली गेली आणि कोणती कुलपात राहिली, हे अनुभवावरून सांगितल्यास निर्णय सोपा होईल. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण विभागप्रमुख हे संकेतस्थळ वाचतात.

बुरेटवाला
मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे पहिल्या गटाला चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. अ‍ॅटॉमिक अ‍ॅबसॉर्प्शन विकत घेणे म्हणजे लग्नाचा खर्च झाला. संसार पुढे आहे. त्याला अ‍ॅसिटिलिनचे सिलिंडर लागते, कोरड्या हवेचा कॉम्प्रेसर लागतो, धूर ओढून घेणारे धुराडे लागते, आणि मुख्य म्हणजे जवळजवळ प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा लागतो. शिसे मोजायचे तर शिशाचा, कॅडमियम मोजायचे तर कॅडमियमचा. आमच्याकडे उपकरण अनुदानातून आले, उद्घाटन थाटात झाले, पण दिव्यांची आणि देखभाल कराराची तरतूद कोणत्याच शीर्षाखाली बसली नाही. पुढे त्या खोलीत परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवू लागले. खोली वातानुकूलित असल्यामुळे उत्तरपत्रिका मात्र उत्तम टिकल्या.

गावठी_अभ्यासक
उत्तरपत्रिका टिकल्या म्हणजे सुविधेचा उपयोग झालाच की. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात लिहिता येईल.

रेणुसूत्र
बुरेटवाले यांचा अनुभव खरा असला तरी त्यातून 'उपकरणे नकोत' असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. नदीच्या पाण्याचा रंग, वास आणि फेस पाहून बातमी लिहिता येते, संशोधन करता येत नाही. द्राक्षबागांच्या पट्ट्यातील विहिरीत कीटकनाशकाचा अंश आहे की नाही, हे गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्याशिवाय कळणार नाही. तेथे निसर्गप्रेम कामाला येत नाही. आपल्याकडे पर्यावरणाचा अभ्यास पक्षी आणि फुलपाखरांकडे झुकतो, याचे एक कारण दुर्बीण स्वस्त आहे हेच आहे. रसायनशास्त्र महाग आहे म्हणून ते टाळले, की प्रदूषण करणाऱ्याच्या अहवालावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही.

सूक्ष्मदर्शी
रेणुसूत्र, मुद्दा पटला. पण प्रत्येक विभागाने स्वतःचे उपकरण घ्यावे असे त्यातून निघत नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने पुरस्कृत केलेली सामायिक उपकरण केंद्रे आहेत. पवईच्या आयआयटीतील केंद्र आपल्यापैकी अनेकांनी वापरले असेल. २०२० पासून आय-स्टेम हे राष्ट्रीय संकेतस्थळही सुरू आहे, त्यावर देशभरातील संस्थांची उपकरणे शोधून शुल्क भरून वेळ घेता येते. प्रश्न वेगळाच आहे. कोणता नमुना प्रवास करू शकतो आणि कोणता करू शकत नाही, हे पाहून आपली खरेदी ठरवावी. धातूंसाठी घेतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल घालून त्याचा सामू दोनच्या खाली आणला, तर तो नमुना सहा महिनेसुद्धा थांबतो. तो खुशाल पवईला पाठवावा. याउलट विरघळलेला ऑक्सिजन काठावरच बद्ध करावा लागतो आणि बीओडीचा (पाण्यातील घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात, त्या चाचणीचा) नमुना बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत लावावा लागतो. जीवाणूंच्या चाचणीचेही तेच. म्हणजे आपल्याकडे हवे ते २७ अंशांवर तीन दिवस बाटल्या सांभाळणारे चांगले इनक्युबेटर, निर्जंतुकीकरणाची सोय आणि बॅटरीवर चालणारे विश्वासू वजनकाटे व मीटर. हे सगळे १२ लाखांच्या बरेच आत बसते.

रेणुसूत्र
नमुन्याच्या आयुष्यावरून खरेदी ठरवण्याची सूचना उत्तम आहे, ती मी मान्य करतो. मात्र सामायिक केंद्रातील रांगेबद्दल आपण काहीच बोलला नाहीत. पीएच.डी.चा विद्यार्थी रांगेत असतो आणि इकडे शिष्यवृत्तीची मुदत संपत येते.

मुळाकाठ
एम.एस्सी.च्या वर्गात पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलरची पद्धत ज्या दिवशी शिकवली, तो दिवस मला आजही आठवतो. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, बुडबुडा राहू न देता पाण्याखालीच बूच लावायचे, मग मँगनीजचे आणि आयोडाइडचे द्रावण तळाशी सोडायचे. शहराच्या वरच्या अंगाच्या पाण्यात तपकिरी साका बसला. पुलाखालच्या पाण्यात साका पांढराच राहिला, कारण त्यात ऑक्सिजन नव्हताच. कोणताही आकडा काढण्याआधी आख्ख्या वर्गाला नदीची अवस्था कळली. या प्रयोगाचे साहित्य काही हजारांत येते. शिक्षणाची सुविधा म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ही बाटली येते; पण ही बाटली घेऊन पुलाखाली उतरायला बस आणि शिक्षक लागतात, आणि आमच्या वेळी दोन्ही होते.

तासिकातत्त्व
शिक्षकांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यानंतर पदवीच्या सर्व शाखांसाठी जो सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम आखला, त्यात ५० तासिका आणि १०० गुण होते. त्यातले ७५ लेखी परीक्षेला आणि २५ क्षेत्रकार्याला. जवळची नदी, टेकडी किंवा गवताळ माळ पाहावा, एखादे प्रदूषित ठिकाण पाहावे, परिसरातील झाडे, कीटक आणि पक्षी ओळखावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. कागदावर यात काहीच खोट नाही.

प्रत्यक्षात हा विषय कोणाला मिळतो, तर ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याला. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. आणि सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) केले असून तासिका तत्त्वावर काम करतो. माझ्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला हा विषय अर्थशास्त्राचे सर शिकवतात आणि क्षेत्रकार्याला परवानगीपत्र, विमा व बस या तिन्हींपैकी एक दरवर्षी अडते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२३ साली आयोगाने पुन्हा नवा आराखडा काढला आहे. त्याने बसचा प्रश्न सुटलेला नाही.

गावठी_अभ्यासक
त्या २५ गुणांचे क्षेत्रकार्य आमच्या महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होत असे. 'प्लास्टिक प्रदूषण' हा प्रकल्प स्पायरल बाइंडिंगसह तयार मिळे. 'जागतिक तापमानवाढ' घेतल्यास रंगीत मुखपृष्ठाचे वेगळे पैसे. एका वर्षी आमच्या वर्गातील अकरा जणांनी एकाच नदीच्या काठी एकाच दिवशी तोच एक खंड्या पाहिल्याची नोंद आहे.

मुळाकाठ
खंड्या खरोखर दिसला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्याने अकरा वेळा येऊन दर्शन दिले असेल.

वेधशाळेकडे
धागाकर्त्यांच्या तिन्ही पर्यायांत नसलेली एक गोष्ट सुचवतो. मी एका कृषी विद्यापीठाच्या कृषी हवामान वेधशाळेत निरीक्षक होतो. कुंपण घातलेला एक चौकोनी तुकडा, त्यात झडपांची पांढरी लाकडी पेटी, पर्जन्यमापक, बाष्पीभवनाचे पात्र आणि सूर्यप्रकाश मोजणारा काचेचा गोळा, एवढाच आमचा संसार. सकाळचे वाचन स्थानिक सौर वेळेने सातला आणि दुपारचे दोनला घ्यावे लागते. आपल्या भागात तेव्हा घड्याळात साधारण साडेसात आणि अडीच वाजलेले असतात, त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो. ओल्या तापमापकाच्या गोळ्याला गुंडाळलेली मलमल वेळच्या वेळी बदलावी लागते, नाहीतर आर्द्रता चुकते. बाष्पीभवनाच्या पात्रावर जाळी नसेल तर कावळे पाणी पितात आणि त्या दिवशी जिल्ह्यात बाष्पीभवन फार झाले असे कागद सांगतो.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत अशा नोंदी होतात. बिगरकृषी विद्यापीठांच्या पर्यावरण विभागांत मात्र असे काही क्वचितच दिसते. विद्यार्थी येतो, दोन पावसाळ्यांचे नमुने घेतो, प्रबंध लिहितो आणि जातो. पुढचा विद्यार्थी दुसरा ओढा निवडतो, कारण त्याच ओढ्यावर काम केले तर मार्गदर्शक विचारतात, 'यात नवीन काय?' आपल्या आवारातील ओढ्याच्या वीस वर्षांच्या नोंदी असत्या तर १२ लाख कशावर खर्च करायचे हा प्रश्न पडलाच नसता.

सह्यकडा
वेधशाळेकडे यांच्याशी पूर्ण सहमत. भारतातलेच उदाहरण घ्यायचे तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे आहे. माधव गाडगीळ यांनी तेथे पर्यावरण विज्ञान केंद्र उभे केले. त्या केंद्राने १९८८ साली मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरांचा तुकडा आखून त्यातील एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक झाडाला क्रमांक दिला आणि तेव्हापासून त्या झाडांची हजेरी घेणे चालू ठेवले आहे. दुष्काळ, वणवा आणि हत्ती यांचा जंगलावर काय परिणाम होतो, हे तेथे अंदाजाने सांगावे लागत नाही. पत्र्याचा बिल्ला, मोजपट्टी, नकाशा आणि रानवाटा ओळखणारी स्थानिक माणसे, ही त्यांची मुख्य सामग्री. आपले गाडगीळ पुण्याचे, शिकले फर्ग्युसनमध्ये, आणि हे काम मात्र कर्नाटकातील संस्थेने तमिळनाडूत केले, याचा विचार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी करायला हवा.

टेम्सपार
परदेशातील एक दाखला देतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे वायथम नावाचे रान १९४२ पासून आहे. तेथे १९४७ साली ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांसाठी लाकडी घरटी टांगून अभ्यास सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. आता अशी घरटी हजाराहून अधिक आहेत. पहिले अंडे कोणत्या तारखेला घातले ही साधी नोंद त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवली, आणि वसंत ऋतू अलीकडे सरकल्यामुळे ते पक्षी आता दोन आठवड्यांहून अधिक आधी अंडी घालतात, हे त्या नोंदीतून सिद्ध झाले. १९४७ साली हवामानबदल हा विषय त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. त्या रानापर्यंत विद्यापीठातून सायकलने जाता येते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चाळीस किलोमीटरवरच्या क्षेत्रकेंद्राचा आग्रह धरणाऱ्यांनी यावर विचार करावा.

पठारप्रेमी
टेम्सपार, मी त्याच दुसऱ्या गटातला असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. सड्यावरच्या, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावरच्या, वनस्पतींचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो. धुक्यात पहाटे काम सुरू करावे लागते, आणि शहरातून एस.टी.ने अकराला पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला मिटलेली फुले आणि गाड्यांची रांग दिसते. मुक्कामाची सोय नसेल तर रात्रीचे बेडूक, पाली आणि पतंग यांचा अभ्यास विसरावा. मुलींच्या पालकांना तर 'सर, राहायचे कुठे?' हा पहिलाच प्रश्न असतो, आणि त्याला गावातल्या शाळेचा वर्ग हे उत्तर पुरेसे नाही. आवारातील टेकडी चांगली असेल. ती सह्याद्रीच्या माथ्याची जागा घेऊ शकत नाही.

वेधशाळेकडे
पठारप्रेमी यांचा मुद्दा रास्त आहे. फक्त एवढे सांगा, की त्या दोन खोल्यांची फेब्रुवारी ते मे या काळात देखरेख कोण करणार? कौले, वीजबिल आणि पाण्याची टाकी यांना फुलांचा हंगाम नसतो.

रंकाळा
आवाराला कमी लेखू नये, एवढेच सांगायला आलो. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झाले तेव्हा ती जागा म्हणजे उघडा माळ होता. आज त्या ८५३ एकरांत तलाव आहेत, विहिरी आहेत, नामवंत वनस्पती उद्यान आहे आणि मोरांचा वावर आहे. आवारात पडणारा पाऊस अडवून विद्यापीठ आपली पाण्याची बरीचशी गरज तेथेच भागवते. माळाचा पाणलोट कसा बदलतो हे शिकायला यापेक्षा मोठी प्रयोगशाळा कोणती? आणि डोंगर उतरून खाली गेले की पंचगंगा आहेच, तिचे दुखणे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

झाडगाव
रत्नागिरीचा आहे, म्हणून किनाऱ्याची बाजू मांडतो. कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आमच्याकडे आहे आणि त्याच्या मत्स्यालयात देवमाशाचा अख्खा सांगाडा ठेवलेला आहे. रत्नागिरीत वाढलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, शाळेच्या सहलीत तो सांगाडा पाहून त्याचे तोंड उघडे राहिलेले असते. संशोधन केंद्राचे दार लोकांसाठी उघडे असले की काय होते, याचा हा नमुना. विद्यापीठांच्या बहुतेक पर्यावरण विभागांत बाहेरचा माणूस गेला तर पहिल्यांदा सुरक्षारक्षक अडवतो आणि दुसऱ्यांदा शिपाई. आमच्या गावचे मच्छीमार पाण्याचा रंग बदलला की सांगतात. त्यांनी बाटली भरून आणली तर ती तपासून देण्याची सोय एखाद्या विद्यापीठात असावी, असे मला वाटते.

बुरेटवाला
झाडगाव यांच्या सूचनेला एक पुस्ती. असे नमुने खरोखर येऊ लागले तर सीओडीच्या (पाण्यातील घाणीचे रसायनांनी ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागतो, त्या) चाचण्या वाढतील, आणि त्या चाचणीत आपण डायक्रोमेट, चांदीचे संयुग आणि पाऱ्याचे संयुग वापरतो. पाणी किती दूषित आहे हे तपासता तपासता आपण स्वतःच पारा आणि क्रोमियम असलेला कचरा तयार करतो, आणि मी पाहिलेल्या एकाहून अधिक पर्यावरण प्रयोगशाळांत तो बेसिनमध्ये ओतला जात असे. नळ सोडून 'पातळ केले' म्हणायची पद्धत होती. अशा कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत. तेथे पाठवायचा तर आधी वेगळा साठवावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. देणगीतून पहिली खरेदी करायची तर कचऱ्याच्या झाकणबंद कॅनांची करा. त्यांचे उद्घाटन करायला कोणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

रेणुसूत्र
बुरेटवाले, या प्रतिसादाला माझे शंभर टक्के अनुमोदन. नॅकच्या सातव्या निकषासाठी हरित लेखापरीक्षण करून घेणाऱ्या संस्थेने त्या बेसिनच्या पाइपाचे दुसरे टोक कोठे उघडते, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ होईल.

हिशेबनीस
तांत्रिक चर्चेत माझी गती नाही, पण पैशाचे सांगतो. १२ लाखांची वस्तू घेतली तर पैसे एकदाच जातात आणि देखभाल विद्यापीठाच्या गळ्यात पडते. तीच रक्कम ठेव म्हणून ठेवली आणि व्याज सात टक्के धरले, तर वर्षाला ८४,००० रुपये मिळतात. त्यात पूर्णवेळ माणूस मिळणार नाही. पण कमवा आणि शिका योजनेच्या धर्तीवर दोन विद्यार्थ्यांना वर्षभर नोंदी घेण्याचे मानधन नक्की देता येईल, आणि रसायनांसाठी थोडे उरेल. ठेव विद्यापीठाच्या खात्यात ठेवावी की माजी विद्यार्थी संघटनेच्या, हा वादाचा मुद्दा आहे. पहिल्या पर्यायात खर्चाच्या मंजुरीला एक पावसाळा जातो; दुसऱ्यात विभागप्रमुख बदलले की विद्यार्थ्यांना आवारात यायची परवानगी पुन्हा मागावी लागते.

तासिकातत्त्व
मानधनाची कल्पना चांगली आहे, मात्र विद्यार्थ्यांची परीक्षा, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी या तीन खिंडारांतून नोंदी गळतात. मुख्य माणूस कायमचा हवा. आमच्याकडे माळीकाका रोज सकाळी सहाला हजर असतात आणि प्राध्यापकांपेक्षा त्यांना ओढ्याची खबर जास्त असते. दोन्ही वेळच्या नोंदींसाठी त्यांना प्रशिक्षण आणि वेगळे मानधन देता येणार नाही का?

ओढ्याकाठचा
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आमच्या समितीची ऑनलाइन बैठक झाली आणि हा धागा पडद्यावर उघडूनच चर्चा केली. अ‍ॅटॉमिक अ‍ॅबसॉर्प्शन बाद झाले. ज्यांनी त्याचा आग्रह धरला होता त्यांनीच दिव्यांचे दरपत्रक मागवले आणि प्रस्ताव मागे घेतला. धातूंचे नमुने सामायिक केंद्रात पाठवायचे ठरले आहे. बीओडी इनक्युबेटर, मीटर, बाटल्या आणि कचऱ्याचे कॅन यांसाठी साडेतीन लाख बाजूला काढले. उरलेले साडेआठ लाख ठेवीत ठेवून ओढ्यावर तीन ठिकाणी दर पंधरवड्याला नमुने आणि आवारात रोजची हवामान नोंद, असा प्रस्ताव आहे. हिशेबनीस यांच्या दराने व्याज साठ हजारांच्या आत येते, त्यामुळे एक विद्यार्थी आणि एक माळीकाका असा मेळ बसवावा लागेल. नोंदी दर महिन्याला विभागाच्या संकेतस्थळावर जशाच्या तशा टाकायच्या, ही अट आम्ही देणगीपत्रात घालणार आहोत आणि विद्यापीठाकडून सर्वाधिक विरोध याच अटीला होईल असा माझा अंदाज आहे, कारण ओढ्यात येणारे सांडपाणी निम्मे आमच्याच वसतिगृहाचे आहे.

पठारावरच्या खोल्यांबद्दल एकमत झालेले नाही. पठारप्रेमी यांच्यासारखीच बाजू मांडणाऱ्या आमच्या मैत्रिणीने वेगळी वर्गणी काढण्याचे ठरवले आहे आणि मी तिला माझा वाटा देणार आहे. आता एक व्यावहारिक प्रश्न : पर्जन्यमापक विभागाच्या गच्चीवर बसवला तर चालेल का? तेथे कुलूप आहे, चोरीची भीती नाही.

वेधशाळेकडे
गच्ची नको. वर वारा जास्त लागतो आणि पाऊस कमी मोजला जातो. पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, अगदी आडवे असावे आणि जवळच्या इमारतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवावे. भोवती तारेचे कुंपण घाला. झाडे वाढतात, म्हणून पाच वर्षांनी काय उंची असेल तो विचार आजच करा.

ओढ्याकाठचा
त्या हिशेबाने आवारात एकच मोकळी जागा उरते, आणि तेथे सध्या कुलसचिवांची गाडी उभी असते.

गावठी_अभ्यासक
मग पहिला अर्ज कुलसचिवांकडेच करा. गाडीची उंचीही त्यात लिहा.